गोळा करणारीचं नाव

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर कागद बदलले.

सकाळचा चहा झाला होता. तिनं मला पलंगाखालचा फळ्यांचा जोड ओढायला लावला. वरची वीट मी उतरवली, सुतळी सोडली. दोन फळ्यांच्या मधे जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या आणि घड्यांच्या पोटात तिच्या झुडपाच्या डहाळ्या. ओलसर झालेला कागद काढायचा, कोरडा घालायचा. हे रोज करावं लागतं, नाहीतर बुरशी धरते. ती डहाळी दोन्ही हातांनी अलगद उचलायची, मी खालचा कागद ओढून दुसरा सरकवायचो. त्यातही तिचे कायदे होते. गुळगुळीत जाहिरातीचं पान चालायचं नाही, ते पाणी पीत नाही. आणि निधनवार्तेचं पान तर मुळीच नको. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दर पानाला मला विचारायची.

"ह्याच्यावर कोण मेलंय का?"

"नाय. क्रिकेट हाय."

"मंग घाला."

सगळ्यात वरच्या घडीत कॉलेजच्या मॅडमनी दिलेली चिठ्ठी होती. झुडूप कुठं सापडलं, कोणत्या दिवशी तोडलं, उंची किती, फुलाचा रंग कोणता, सगळं माझ्या अक्षरात भरलेलं. एकच ओळ रिकामी. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"अजून कोरीच हाय ही."

"लिहितो की. उद्या."

"तुमचा उद्या मी लगीन झाल्यापासून बघते," म्हणाली आणि सुतळीची गाठ स्वतः मारली. माझी गाठ ढिली असते, असं तिचं म्हणणं.

दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. ह्यापेक्षा जास्त मला त्यावर लिहायचं नाही.

लिहायचं आहे ते ती कशी होती ते. कारण तेराव्याला जो तो उठून सांगत होता, माउली शांत होती, कुणाला उलटून बोलली नाही. साफ खोटं. ती उलटूनच बोलायची. सरळ बोललेली मला तरी आठवत नाही. माझं शिक्षण चौथी, धंदा इस्त्रीचा. मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडं माझी टपरी होती, कोळशाची इस्त्री. लिहायचा सराव नाही. पण तिच्याबद्दल लोक खोटं बोलत असताना मी गप्प बसलो तर तिनं मला फाडून खाल्लं असतं.

तिचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. तारीख कुणी लिहून ठेवली नाही, फक्त रझाकार गेले आणि ही आली, एवढं तिची आई सांगायची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडं नवरीचं नाव बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरले. आईनं नाव ठरवलेलंच होतं, ते मी अंगठीनं तांदळात काढलं. माझ्या थोरल्या बहिणीनं, आम्ही तिला आक्का म्हणतो, ते मोठ्यानं वाचलं आणि पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी आईनं त्या नावानं हाक मारली. ही चुलीपुढं बसलेली, हलली नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. आईला वाटलं, बहिरी पोरगी गळ्यात मारली. मी जवळ जाऊन सांगितलं, "आई बोलावतीया."

"मला नाय," ती म्हणाली. "दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत."

आई शेवटी थकली आणि 'अगं' वर आली. आक्का थकली नाही. आक्कानं तेच नाव लावून धरलं आणि हिनं त्या नावाला एकदाही ओ दिली नाही. दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या, पण त्या नावानं हाक आली की ही दगड. रेशनकार्डावर, आधारवर तेच सासरचं नाव. त्याच्यापुढं अंगठा उठवायची आणि बाबूला ऐकवायची, "अंगठा माझा हाय. नाव तुमचं तुम्ही ठेवा."

आणि मी? मी जन्मभर 'ए' म्हणालो. आईसमोर तिचं खरं नाव घ्यायची छाती नव्हती, आणि दुसरं घेतलं तर ही बघायची नाही. आई गेल्यावर घ्यायला हरकत नव्हती, पण तोवर 'ए' ची सवय जडली होती. भिंतीपलीकडच्या चाचीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "माँ-बाप क्या बुलाते थे तुमकू?" चाचीनं जन्मभर तेच नाव घेतलं. चाचीची हाक आली की ही उतू जाणारं दूध सोडून पळायची.

तिला खोटं नाव खपायचंच नाही. कुणाचंही. भाजीवाल्यानं माठाची जुडी तांदुळजा म्हणून पुढं केली, तर त्याला सगळ्या बाजारासमोर 'हा माठ हाय' असं म्हणायला लावल्याशिवाय ती हलली नव्हती. तो म्हणाला, "मावशे, चव एकच की." तर म्हणते, "तुझी अन तुझ्या भावाची चव एकच असंल. म्हणून तुला त्याच्या नावानं हाक मारू का?"

म्हणून ते झुडूप तिच्या वाट्याला आलं, असं मला वाटतं. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर त्यानं कोरांटी म्हणून सोडून दिलं असतं.

चाळीसगावकडचं एक लग्न उरकून आम्ही जीपनं परत येत होतो. कन्नडच्या घाटात जीप तापली. ड्रायव्हर पाणी ओतत बसला, आणि ही कठड्यावरून पलीकडं चढायला लागली. सत्तरीची बाई. मी खालून ओरडतोय, वर बघतोय. थोड्या वेळानं पदरात मूठभर डहाळ्या घेऊन उतरली. जीपमधली माणसं खोळंबलेली. एक जण म्हणाला, "मावशी, चला की आता, किती वेळ!"

"तापलेली जीप तुमची, अन घाई मला?"

बसल्यावर तिनं मला फूल दाखवलं. लांब नळीचं, पाच पाकळ्यांचं. पांढऱ्या सदऱ्याला पहिल्या पाण्यात नीळ लागते ना, तेवढंच निळं. मी म्हणालो, "कोरांटी हाय."

"कोरांटीच्या घरातली दिसती," ती म्हणाली. "पण ही ती नव्हं. पिवळी मला ठाऊक, पांढरी ठाऊक, निळी ठाऊक. ह्या पोरीला मी कधी बघितली नाय."

घरी आल्यावर सगळ्यांनी बारसं केलं. चाची म्हणाली, "कोरांटीच तो है ये, क्या देखरे तुम?" शहागंजात जडीबुटी विकणारा म्हणाला, ह्याच्या काड्या दातांना चांगल्या. तिनं विचारलं, "नाव काय?" तो म्हणाला, "फायदा बघा, नावाचं काय घेऊन बसलात?" ती तिथून उठली. मुलानं मोबाईलवर फोटो काढला, मोबाईलनं एक नाव सांगितलं. दुसरा फोटो काढला, दुसरंच सांगितलं. तिसऱ्याला तिसरं. ती म्हणाली, "एकबी ठाऊक नाय म्हणून तीन सांगतंय ते."

मग तिनं ठरवलं, ज्यांना झाडांची नावं शिकवायला नेमलंय त्यांच्याकडं जायचं. ओल्या फडक्यात डहाळ्या गुंडाळून आम्ही एका कॉलेजात गेलो. दारावरचा शिपाई म्हणाला, "कुणाचं ॲडमिशन?" ही म्हणाली, "ह्या झाडाचं." त्यानं सोडलं.

आत वनस्पतिशास्त्राच्या मॅडम होत्या. वयानं आमच्या नातीएवढ्या, चष्मा, हाताला शाई. त्यांनी फडकं उघडलं. डहाळ्यांची भाजी झाली होती. त्या म्हणाल्या, "आजी, कोरांटीपैकी काहीतरी असेल."

"असंल म्हंजी? ठाऊक हाय का नाय?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शिकलेल्या माणसासमोर असं बोलतात का? मॅडम चष्मा काढून हसल्या.

"नाही ठाऊक."

"मंग असं सांगा की," ही खुर्ची ओढून बसली. "आता तुमच्याशी बोलता येतंय."

त्या दिवशी मॅडमनी आम्हाला दोन तास शिकवलं. ओंजळभर पाला आणून उपयोग नाही. पानं, फूल, जमलं तर फळ, सगळं एका डहाळीवर पाहिजे. घरी नेऊन वर्तमानपत्रात पसरायचं, वरून वजन द्यायचं, रोज कागद बदलायचा. रंग उडून जातो म्हणून तो आधी लिहून ठेवायचा. भिंतीला लोखंडी कपाटं होती. त्यातली जुनी वाळकी झाडं त्यांनी दाखवली, कागदावर टाके घालून बसवलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात चिठ्ठी. हिनं एका झाडावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणी आणलं?" मॅडमनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. माणूस मरून कितीतरी वर्षं झाली होती. ही बराच वेळ त्या कपाटापुढं उभी होती.

आता माझी चूक सांगतो. ती झाकून हे लिहिता येणार नाही.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा घाटात गेलो आणि मॅडमनी सांगितल्या तशा डहाळ्या आणल्या. कागदात घातल्या. थंडीचे दिवस, त्यात आभाळ आलेलं. तीन दिवस झाले तरी पानं ओलीच. ही काळजीत. मी मनात म्हणालो, अरे, मी जन्मभर ओले शर्ट वाळवले, ह्या चार पानांचं काय? ती चाचीकडं गेली तेव्हा मी टपरीवर इस्त्री पेटवली आणि घडीवरून फिरवली. चर्र आवाज आला. वास आला. कागद उघडला तर पानं काळी, आणि फूल कागदाला चिकटून काचेसारखं झालेलं, निळं नाही की पांढरं नाही.

तिनं येऊन बघितलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती एवढंच म्हणाली, "शर्ट होता का त्यो?"

चार दिवस माझ्याशी बोलली नाही. काय सांगायचं ते इस्त्रीकडं बघून सांगायची. "इस्त्रीबाई, जेवायला वाढलंय म्हणून सांगा." पुन्हा घाटात जाऊन बघितलं तर बहर सरला होता. पुढच्या वर्षावर गेलं. त्या वर्षातच डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं सांगितलं. चढण बंद, जिना बंद. माझ्या एका इस्त्रीनं तिचं एक वर्ष खाल्लं, आणि तिच्याकडं जास्तीची वर्षं नव्हती. हे मी कुणाला बोललो नव्हतो. आता लिहिलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्याबरोबर ती निघाली. मुलगा आडवा आला. "आई, डॉक्टरनं काय सांगितलंय? एका रानटी झुडपापायी जीव देती का?"

"रानटी म्हणू नको. तुला नाव ठाऊक नाय, ह्यात त्याचा काय दोष?"

"नाव कळून काय होणारे?"

"तुझं बारसं नसतं केलं तर काय झालं असतं? शाळेत 'ए' म्हणले असते." असं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. मी चपला शोधायला लागलो.

ह्या वेळी फुलं नीट वाळली. मी इस्त्रीला त्या आठवड्यात हातच लावला नाही, गिऱ्हाइकांचे कपडेसुद्धा परत केले. मॅडमना डहाळी बघून आनंद झाला. त्यांनी दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या सरांना ती पाठवली, कोरांटीच्या घराण्यापायी जन्म घातलेला माणूस. सरांचा फोन आला तेव्हा आम्ही तिथंच होतो. मॅडमनी आवाज मोठा करून ठेवला.

"मला अजून सांगता येत नाही," सर म्हणाले. "फुलावरून दोन नावांच्या मधे अडकलोय. फळ पाहिजे. आत बिया दोन आहेत की चार, ते मोजल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

ही खूश. "हा माणूस खरा. एवढा शिकला तरी नाय म्हणतो."

त्याच दिवशी मॅडमनी कोरी चिठ्ठी दिली. वाचून दाखवता दाखवता म्हणाल्या, "आणि इथं गोळा करणाऱ्याचं नाव. म्हणजे तुमचं, आजी. कपाटात झाड राहील तोवर राहणार. काय लिहू?"

मला वाटलं, झटक्यात सांगेल. तिनं चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट केली. मग म्हणाली, "मला दोन नावं हायत."

"जे तुमचं आहे ते सांगा."

"तुम्ही नका लिहू. ह्यांना येतं लिहायला, चौथी पास हायत. मागं तांदळातबी ह्यांनीच लिहिलं होतं. आता बघू काय लिहितात."

ती चिठ्ठी मी घरी आणली. जागा लिहिली, दिवस लिहिला, उंची, रंग. त्या ओळीपाशी आलो की पेन खाली ठेवायचो. का, ते कुणाला पटेल का माहीत नाही. लाज वाटायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बायकोचं नाव लिहायची लाज. शिवाय ते लिहिलं म्हणजे तांदळातलं खोटं होतं हे कबूल करणं आलं, आणि सगळा जन्म ते कबूल न करता काढला होता. ती रोज कागद बदलताना चिठ्ठीकडं बघायची. मी रोज उद्या म्हणायचो.

फळासाठी थंडी सरता सरता गेलो. ह्या वेळी मुलाला सांगितलंच नाही, चाचीला सांगून गेलो. ती फळं वाळली की ताडकन फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून मी मलमलीच्या बारक्या पिशव्या शिवल्या होत्या. चढावर ती तीनदा बसली. मी म्हणालो, "तू थांब इथं, मी आणतो."

"तुम्ही? तुम्ही टणटणी घेऊन याल."

स्वतः चढली. स्वतः डहाळीवर पिशवी बांधली, नाडी आवळली आणि मग तोडली. ओठ निळे पडले होते. पण बसमध्ये मांडीवर ती पिशवी धरून अशी बसली होती, की शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकीचं बाळ का?" म्हणाली, "व्हय. अजून नाव ठेवायचंय."

त्या झुडपाचं काय निघालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा अडकून राहायला नको. बिया चार निघाल्या. झाड नवं नव्हतं. सरांना त्याचं नाव ठाऊक होतं, फक्त आपल्या ह्या डोंगरात ते कुणी नोंदवलेलं नव्हतं. नाव परदेशी वळणाचं आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. मॅडमनी कागदावर लिहून दिलंय. काही लोक मला म्हणाले, एवढं करून नवं झाडबी नाय निघालं. मी त्यांना म्हणालो, नवं निघावं म्हणून ती चढलीच नव्हती. त्याला जे नाव आहे त्या नावानं त्याला हाक मारावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण हे सगळं पुढं कळलं. ती गेली तेव्हा पिशवी बांधलेलीच होती आणि ओळ कोरी होती.

संध्याकाळी सगळं उरकलं. आक्का कन्नडहून आली होती, ऊर बडवून रडली. पण ज्या नावानं रडली त्याला तिनं जिवंतपणी कधी ओ दिली नव्हती. मी तिरडीकडं बघत होतो. वाटलं, आत्तासुद्धा ही म्हणत असणार, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मुलानं पेपर आणला. त्यानं बिचाऱ्यानं आदल्या दिवशीच बातमी दिली होती. फोटो, आणि खाली आधारवरून उतरवलेलं सासरचं नाव, नावाआधी कै. पेपर हातोहात फिरला. आक्का म्हणाली, "जपून ठेवा रे ते पान."

मी उठलो आणि पलंगाखालचा फळ्यांचा जोड ओढला. वीट उतरवली. तिनं मारलेली गाठ सुटेना. दातानं सोडवली.

आक्का धावली. "अरे, सुतक हाय! आज तरी त्या पाल्याला हात लावू नको."

"बुरशी सुतक धरत नाय, आक्का."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

डहाळी धरायला कुणी नव्हतं. डाव्या हातानं उचलली, उजव्यानं कागद ओढला. एक पान मोडलं. मोडलेलं पान त्याच घडीत ठेवलं, मॅडमनी तसं सांगितलंय, काही टाकायचं नाही. शेवटच्या घडीला कागद कमी पडला. कुणीतरी आजचंच पान पुढं केलं. मी ते बघितलं आणि मोठ्यानं म्हणालो, "ह्याच्यावर कोण मेलंय का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीच म्हणालो, "व्हय." आणि ते पान बाजूला ठेवून क्रिकेटचं घेतलं.

मग चिठ्ठी घेतली, पेन घेतलं. मुलगा वाकून बघत होता. हळूच म्हणाला, "दादा, आता आधी कै. लिहावं लागंल."

"का?"

"म्हंजी... आई..."

"झाड तोडलं तवा ती जिती होती. तिनं जितेपणी तोडलंय. मेलेल्या माणसानं घाटात चढून पिशवी बांधली का?"

तो मागं सरला. मी लिहिलं. तिच्या आईबापानं ठेवलेलं नाव, पुढं तिच्या बापाचं नाव, पुढं तिच्या गावचं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं. आक्का पदर सावरत जवळ आली. "काय लिहिलं रे? वाच."

लग्नात आक्कानं वाचलं होतं. ह्या वेळी मी वाचलं. भिंतीपलीकडं चाचीलाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं. आक्कानं तोंड फिरवलं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्याला पाहिजे असेल त्यानं कॉलेजात जावं, लोखंडी कपाट उघडायला लावावं आणि झाडाच्या कोपऱ्यात बघावं.

चिठ्ठी वरच्या घडीत ठेवली. फळी ठेवली, वीट ठेवली. सुतळी आवळून गाठ मारली. ओढून बघितली, ढिली वाटली. सोडून पुन्हा मारली.